मॅटलॅबमधली लाट पायथनमध्ये कशी आणावी

२०० बाय २०० चौकटींचं तळं, मधोमध टाकलेला एक खडा आणि काठाकडे सरकणारी वर्तुळं. द्विमितीय तरंग समीकरणाचं हे ॲनिमेशन मी कॉलेजात मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं, जेमतेम चाळीस ओळींत. कॉलेज सुटलं तसं लायसन्सही गेलं, म्हणून कोड पायथनमध्ये आणायला बसलो. तासाभरात चित्र हलायला लागलं. ते चुकीचं हलतंय हे कळायला मात्र दोन दिवस लागले.

म्हणून चित्राला शेवटी हात लावायचा. आधी जुना कोड एकदा चालवा आणि आकडे साठवून ठेवा. मॅटलॅब नसेल तर ऑक्टेव्ह फुकट मिळतं आणि असला साधा कोड त्यात बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो. काळाच्या पहिल्या, दहाव्या आणि तीनशेव्या पावलानंतरचा उंचींचा तक्ता, म्हणजे अ‍ॅरे मॅट फाइलमध्ये टाका. साठवताना 'व्ही ७' हा प्रकार निवडा. पायथनच्या सायपाय या गणिती लायब्ररीचं लोडमॅट हे फंक्शन ७.३ प्रकारची फाइल वाचत नाही. सुरुवातीला रँडम आकडे वापरले असतील तर तेही साठवा आणि पायथनमध्ये तेच वाचा.

आता भाषांतर. यातला बराच भाग हमालीचा आहे. मॅटलॅब १ पासून मोजतं आणि शेवटचा आकडा धरतं, पायथन ० पासून मोजतं आणि शेवटचा सोडतं. त्यामुळे काठ वगळण्यासाठी लिहिलेलं '२ : एंड-१' पायथनमध्ये '१ : -१' होतं. झिरोज(२००) म्हटलं की मॅटलॅब २०० बाय २०० चा अ‍ॅरे देतं, पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय २०० आकड्यांची एकच ओळ. तिथे दोन्ही मापं कंसात द्यावी लागतात. गुणाकाराआधीचा टिंब काढून टाका. पण मॅटलॅबमध्ये दोन मॅट्रिक्सच्या मध्ये नुसती चांदणी असेल, तर तिथे 'ॲट'चं चिन्ह येतं. घातासाठी दोन चांदण्या. आणि तुमचा डेटा फोटोतून आलेला ८ बिटी पूर्णांक असेल तर जपा: २०० अधिक १०० ला मॅटलॅब २५५ वर थांबतं, नमपाय मात्र गोल फिरून ४४ देतं. आधीच फ्लोट (दशांश संख्या) करून घेतलेलं बरं.

खरा खड्डा पुढे आहे. तळ्यातल्या प्रत्येक चौकटीची पुढची उंची अशी निघते: आत्ताच्या उंचीची दुप्पट, त्यातून आधीची वजा, अधिक 'र' वर्ग गुणिले लाप्लासियन. 'र' म्हणजे एका पावलात लाट किती चौकटी पुढे जाते तो आकडा. लाप्लासियन म्हणजे चार शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःची चौपट. जुन्या कोडात मी त्यासाठी '४ गुणिले डेल२' लिहिलं होतं, कारण मॅटलॅबचं डेल२ द्विमितीय अ‍ॅरेसाठी लाप्लासियनचा चौथा हिस्साच देतं. पायथनमध्ये सायपायचं लाप्लास फंक्शन वापरलं आणि तो ४ तसाच राहू दिला. सायपाय पूर्ण लाप्लासियन देतं. म्हणजे 'र' वर्ग चौपट, 'र' नकळत दुप्पट झाला.

'र' ०.५ असता तर दुप्पट होऊन १ झाला असता, ०.७०७ ची स्थिरतेची मर्यादा ओलांडली असती आणि आकडे भराभर फुगून चित्राचा विचका झाला असता. चूक लगेच पकडली गेली असती. माझा 'र' होता ०.३, तो झाला ०.६. लाट झकास दिसत होती, फक्त दुप्पट वेगाने पळत होती. काठ गाठायला सव्वातीनशेच्या आसपास पावलं लागायला हवीत. ती दीडशे-पावणेदोनशेतच पोचत होती. नुसतं बघून हे कुणाला कळणार?

दुसरी गंमत मी हुशारी करायला गेलो तेव्हा झाली. दर पावलाला नवा अ‍ॅरे कशाला, म्हणून 'पुढचा' एकदाच बनवला आणि दर वेळी त्यातच आकडे भरू लागलो. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, मी तशीच ठेवली होती.) शेवटी मॅटलॅबसारख्याच दोन ओळी: जुना = आत्ता, आत्ता = पुढचा. मॅटलॅबमध्ये याने प्रत बनल्यासारखंच होतं. नमपायमध्ये त्याच अ‍ॅरेला फक्त दुसरं नाव मिळतं. दोन पावलांत तिन्ही नावं एकाच अ‍ॅरेवर आली. मग आत्ताची दुप्पट वजा आधीची म्हणजे नुसती आत्ताची, आणि उरलं ते उष्णता पसरण्याचं समीकरण! खड्याची वर्तुळं गायब, पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसा डाग. उपाय एका ओळीचा: जुना, आत्ता, पुढचा = आत्ता, पुढचा, जुना. तीन अ‍ॅरे, नावं फिरती.

इथे थांबून साठवलेल्या आकड्यांशी ताळा करा. दोन अ‍ॅरेंमधला सर्वांत मोठा फरक बघा. १० चा वजा १२ वा घात किंवा त्याच्या आसपास असेल तर पुढे जा. हजारांश भागाचा फरक असेल तर 'चालतंय की' म्हणू नका, कुठेतरी चूक आहे. पहिल्याच पावलाला फरक दिसला तर सूत्र तपासा. पहिलं जुळून दहावं चुकत असेल तर बहुधा नावांचा घोळ. काठावरचे आकडे दोन्ही कोडमध्ये दर पावलाला शून्य करत जा, कारण तिथे डेल२ आणि लाप्लास वेगळं वागतात.

मग चित्र. मॅटलॅबमध्ये लूपच्या आत चित्र काढणारं इमेजएससी आणि क्षणभर थांबणारं पॉज असतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीत इमशो एकदाच, लूपच्या बाहेर. पुढे सेट-डेटाने नुसते आकडे बदलायचे आणि हे काम मॅटप्लॉटलिबच्याच फंकॲनिमेशनकडे सोपवायचं. इमेजएससी दर वेळी रंगांची पट्टी नव्याने ताणतं, सेट-डेटा ताणत नाही. म्हणून किमान-कमाल स्वतः द्या. मी वजा ०.३ ते ०.३ ठेवलं. पॉज सेकंदांत असतो, फंकॲनिमेशनचा इंटरव्हल मिलिसेकंदांत: ०.०५ चे ५० करा. दर पावलाला चित्र काढू नका, चार पावलांनी एक पुरतं.

फंकॲनिमेशनने दिलेली वस्तू एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन ती कचरा समजून झाडून टाकतं आणि चित्र गोठतं. व्हिडिओ साठवायला एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. ते नको असेल तर पिलो रायटरने जिफ निघतं.