ई-अंकाच्या वाचकांचा गट कसा चालवावा

व्हॉट्सॅपच्या एका ग्रुपात १०२४ जण मावतात, पण म्हणून दिवाळी अंकाच्या जुन्या यादीतले सगळे नंबर एका रात्रीत कोंबू नका. न विचारता ओढलेला माणूस आधी ग्रुप म्यूट करतो, मग रिपोर्ट. तुमचा नंबरच बंद पडू शकतो.

वेगळं सिम आणि दोन अ‍ॅडमिन ठेवा. कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची व्हॉट्सॅपची सोय) सुरू केली की घोषणांचा ग्रुप आपोआप मिळतो, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात. अंक आला, सवलत, कार्यक्रम, सगळं तिथे. गप्पांचा ग्रुप त्याखाली वेगळा. लिंक अंकाच्या शेवटच्या पानावर द्या, प्रवेश अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच. गप्पांच्या ग्रुपात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, हे लिंकच्या शेजारीच लिहा. कुणा वाचक बाईंना रात्री अनोळखी ‘हाय’ आलं तर पाठवणारा त्याच दिवशी बाहेर. इथे ताकीद वगैरे नाही.

सुरुवात तीस-चाळीस जणांनी करा, संपादकांना आपणहून पत्र लिहिणाऱ्यांपासून.

आता खरं अवघड काम, त्यांना बोलतं करणं. ‘अंक कसा वाटला?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘छान’, ‘अप्रतिम’, चार जोडलेले हात, आणि तीन दिवस सामसूम. अंकातला एकच परिच्छेद चिकटवा आणि ज्याला दोन उत्तरं असू शकतात असं काहीतरी विचारा: ‘आजीने पत्र वाचलं होतं की नव्हतं? कशावरून?’ लोक लगेच पान उघडतात. ज्यांनी कथा वाचली आहे अशा दोघांना आधी खासगीत सांगून ठेवा. पहिलं उत्तर आलं की बाकीच्यांचा संकोच जातो. कौतुक मात्र पेरू नका, वाचकाला वास येतो. लेखकाला पहिला दिवस गप्प बसवा. तो खुलासे द्यायला लागला की टीका थांबते, आणि टीकेशिवाय गप्पा म्हणजे सत्कार समारंभ. आठवड्याला असा एक प्रश्न पुरे.

भांडणाने ग्रुप सहसा मरत नाही, सुप्रभाताच्या फुलांनी मरतो. फॉरवर्ड दिसताच सर्वांसाठी पुसा, चारचौघांत बोलू नका, खासगीत लिहा: ‘काका, तुमचा मेसेज काढलाय. इथे फक्त अंकातल्या मजकुरावर बोलतो. राग नसावा.’ तिसऱ्या वेळी काढून टाका, मग ते जाहिरातदार का असेनात. एकदा सूट दिली की बाकीचे तोच दाखला देतात. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ तर बिनचर्चेच्या पुसायच्या. स्वतः प्रकाशक असून चोरीचा माल वाटू दिलात, तर तुमचा अंक फुकट फिरल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्यावर विसंबून झोपू नका. २०२२ पासून दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोय अ‍ॅडमिनच्या हातात आली आहे, तेव्हा ‘मी काय करणार?’ म्हणायला फारशी जागा उरलेली नाही. रात्री लक्ष ठेवायला कुणी नसेल तर अकराला ‘फक्त अ‍ॅडमिन’ करा आणि सकाळी पुन्हा खुला करा, फुलं पुसायला तयार राहून.