सरासरी उतारावर भुलू नका

स्वित्झर्लंडमध्ये माउंटन बाइकचा ट्रेल निवडताना सरासरी उतार बघितला की हमखास फसगत होते. ५ किमीत ५०० मीटर उतार म्हणजे १० टक्के, सोपंच वाटतं. पण त्यातल्या एकाच किमीत ३०० मीटर उतरत असाल तर तिथे थेट ३० टक्के!

१. उंचीच्या आलेखात सगळ्यात खडी रेघ शोधा आणि तेवढ्याच तुकड्याची टक्केवारी काढा.
२. सिंगलट्रेल श्रेणीही (अरुंद वाट किती अवघड आहे ते सांगणारी, एस०पासून चढत जाणारी) त्याच तुकड्याची बघा. एस०-एस१ म्हणजे फार तर लहानसहान मुळं-दगड. एस२ला पायऱ्या लागतात. एस३ची चिंचोळी वळणं सराईतांनाच सोडा.

पाऊस पडून गेला असेल तर ट्रेल एक श्रेणी अवघड धरा. ओल्या मुळांवर ब्रेक दाबला की चाक सटकतंच.