नदीकाठची भिंत: पावसाळ्याआधीची तयारी, आणि भोकं बुजवू नका

आमच्या सोसायटीची मागची बाजू मुंबईतल्या दहिसर नदीवर आहे. मे महिन्यात तिला सगळे नालाच म्हणतात. मी सेक्रेटरी असताना काठाला दगडी भिंत बांधून घेतली आणि पुढच्याच जुलैत तिचा पंधरा-वीस फुटांचा तुकडा सायकल स्टँडसकट पात्रात गेला. मध्येच सूर चढला तर समजून घ्या.

गणपती उठले की कामाला लागायचं, मे महिन्यात नाही. महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याला विचारल्याशिवाय पात्राला हात लावायचा नाही. खाडीकडच्या अंगाला असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीतल्या बांधकामाचे नियमही बघावे लागतात, आणि खारफुटीची एक फांदीसुद्धा तोडायची नाही. कागद फिरेपर्यंत डिसेंबर उजाडतो, तेव्हाच पाणी उतरलेलं असतं. बांधकामाला पाणी मारायचे दिवसही त्यातच धरा.

तोवर काठ बघून ठेवा. नदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला खाते, आतल्या अंगाला गाळ टाकते. काठापासून ठरावीक अंतरावर तीन-चार खुंट्या ठोका आणि टेपने मोजून तारखेसकट फोटो काढा. त्याशिवाय इंजिनिअरशी बोलणं म्हणजे गप्पा. इंजिनिअर माती तपासणारा हवा, कुणाच्या भाच्याच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर नको.

पाया पात्राच्या तळाच्याही खाली न्यायचा, कारण पुरात पाणी तळसुद्धा उकरतं. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा आणि पुढ्यात मोठे दगड रचा. भिंतीची दोन्ही टोकं काठात आत वळवा, नाहीतर पाणी कडेने मागे शिरतं. जाळीत दगड भरून गॅबियन करणार असाल तर खाऱ्या पाण्यात साधी तार गंजते, प्लास्टिकचा लेप असलेली घ्या.

आता भोकं. भिंतीतून पाणी बाहेर पडायला पाइपाचे तुकडे बसवतात, त्यांना साइटवर वीप होल म्हणतात. आमच्या भिंतीत ती होती. दिवाळीच्या रंगकामात कमिटीत कुणीतरी म्हणालं, यातून उंदीर येतात, डास होतात, शिवाय दिसतंही वाईट. मी गवंड्याला सांगितलं, बुजवून टाक. तो म्हणाला, "साहेब, ही ठेवायची असतात." मी ऐकलं नाही. पांढऱ्या सिमेंटने एकेक भोक लिंपून घेतलं, वरून रंग मारला. छान दिसत होतं.

लोकांना वाटतं पूर भिंत पाडतो. पूर चढलेला असताना नदीचंच पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत असतं. पाऊस थांबतो, ओहोटी लागते, नदी भराभर उतरते, आणि भिंतीमागची माती मात्र रात्रभर पिऊन फुगलेली राहते. ते पाणी जाणार कुठे? मागे २ मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीला जवळजवळ २ टन रेटा बसतो, मातीचा वेगळाच. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. आमची भिंत सकाळी आठला पडली, स्वच्छ ऊन असताना. आदल्या संध्याकाळी गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची आडवी रेघ आली होती आणि बुजवलेल्या एका भोकाभोवती रंगाला फुगा आला होता. मी तो बोटाने दाबला, पाणी आलं, आणि मी घरी जाऊन जेवलो.

तेव्हा भोकं ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, दीड-दोन मीटरवर, वरची ओळ खालच्या ओळीच्या मध्ये येईल अशी, उतार नदीकडे. आतल्या तोंडाशी निदान फूटभर खडीचा थर, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं. कापड नसेल तर माती खडीत शिरते आणि भोकं आपोआप बुजतात, म्हणजे माझंच काम पाऊस करतो. मागे क्रशरची भुकटी किंवा राबिट, म्हणजे पाडकामाचा चुरा, भरू देऊ नका. भराव होत असताना स्वतः उभं राहा, चहाला जाऊ नका.

डेब्रिज टाकून काठ वाढवायचा विचारही नको. ते बेकायदा आहे आणि पहिल्या पुरात जातं. गच्चीचा पाइप काठावर मोकळा सोडला असेल तर तोच काठ कापतो, तो खाली दगडांपर्यंत न्या. काठालगत टँकर उभा करू नका. १०,००० लिटरचा असला तर नुसतं पाणीच १० टन. भिंतीवरच्या मोकळ्या उतारावर वाळा लावा, मुळं खोल जातात. गुलमोहर नको.

पावसाळ्यात: ४.५ मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधी जाहीर करते, त्या नोटीस बोर्डावर लावा. मीटर बॉक्स, पंप, गाड्या पाण्यापासून वाचवायच्या, ते नेहमीचं. मोठ्या पावसानंतर नदी उतरताना मागे चक्कर मारा आणि भोकांतून पाणी येतंय का बघा. येत नसेल तर बारीक गज घालून मोकळी करा. भिंतीला नवी भेग किंवा फुगा दिसला तर जवळची मुलं आणि गाड्या हटवून इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा, जेवण नंतर.

उंदरांची तक्रार येईलच. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा. सिमेंट नाही.