स्पॅनिशची पदवी, कोल्हापूरचा पत्ता आणि स्पेनचा व्हिसा: आधी कागदांचा क्रम लावा

डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची बी२ पातळी हातात आली की निम्मं स्पेन गाठलं, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. परीक्षा अभ्यासानं निघते. वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, दोन्हीकडं ५० पैकी ३० लागतात. म्हणून नुसत्या व्याकरणावर विसंबू नका, रोज तोंडानं बोला. एकदा पास झालात की ते प्रमाणपत्र कधी बाद होत नाही. प्रवेशाचंही जमतं. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतातल्या सरकारी विद्यापीठांच्या मास्टर्सचा अर्ज तर एकाच ठिकाणी भरता येतो.

दमछाक होते ती कागदांत, आणि आपल्याकडच्या मुलांची जरा जास्तच. स्पॅनिशची पदवी घ्यायला आपण बाहेर पडतो, त्यामुळं बारावी कोल्हापूर बोर्डाची आणि पदवी हैदराबादच्या इफ्लू या भाषा विद्यापीठाची किंवा दिल्लीच्या जेएनयूची, असा प्रकार असतो. माझी पदवी इफ्लूची. "दे की एजंटाला, कशाला डोक्याला ताप करून घेतीस?" असं बाबा म्हणाले आणि फाइल एका एजंटाकडं गेली. त्यानं बारावी आणि पदवी दोन्ही मुंबईला पाठवलं. बारावीचं काम झालं, पदवी तशीच परत आली. कारण कागद ज्या राज्यातला, पहिला शिक्का त्याच राज्याच्या शिक्षण खात्याचा लागतो. माझ्या पदवीला तो तेलंगणाचा हवा होता. त्यानंतर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, तेही मंत्रालयानं नेमलेल्या संस्थांमार्फत. दरम्यान त्या एजंटानं पदवीचं स्पॅनिश भाषांतर आधीच करून घेतलं होतं. ते वाया गेलं, कारण अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर लागतं. पैसे दोनदा गेले, आणि घरात त्या आठवड्यात कुणी धड बोलत नव्हतं.

म्हणून क्रम पाठ करा: आधी राज्याचा शिक्का, मग अपोस्टिल, शेवटी भाषांतर. तुम्हाला स्पॅनिश कितीही चांगलं येत असलं तरी स्वतःचं भाषांतर चालत नाही. ते शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. त्यांची यादी स्पेनचं परराष्ट्र मंत्रालय प्रसिद्ध करतं.

दुसरी गोष्ट तारखांची. पदवी गुळाच्या ढेपेसारखी टिकते, आपल्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला दुधासारखा नासतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर हा दाखला लागतो, त्यालाही अपोस्टिल आणि भाषांतर हवं, आणि जुना झाला की स्पेनचं कौन्सुलेट घेत नाही. म्हणजे पदवीचं काम निकालानंतर लगेच सुरू करायचं आणि पोलिसांचा दाखला प्रवेशपत्र आल्यावर काढायचा. उलट केलंत तर दाखला परत काढावा लागेल.

पैशांबाबत घरी स्पष्ट बोला. खर्चासाठी सध्या दरमहा ६०० युरो दाखवावे लागतात, म्हणजे वर्षाला ७,२०० युरो, फी वेगळी. आकडा ऐकून आई गप्प बसेल, तरीही पदवीच्या पहिल्याच वर्षी सांगा. दोन-तीन वर्षं मिळाली तर घर तयारी करतं. अर्जाच्या आदल्या महिन्यात कुणाकडून तरी आणून खात्यात एकदम टाकलेली रक्कम लगेच डोळ्यांत येते. ती पळवाट शोधू नका. इरास्मुस मुंदुस ही युरोपियन युनियनची मास्टर्ससाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर हा प्रश्नच सुटतो, आणि तिथं अर्ज करायला आपली पोरं उगाच बिचकतात.

सल्ला विचारायचा तर गेल्या वर्षी गेलेल्या सीनियरला विचारा. दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेले सर प्रेमानं सांगतात, पण तेव्हाचे नियम आता राहिलेले नाहीत. आणि व्हिसासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघण्याआधी कौन्सुलेटची ताजी यादी छापून एकेक कागद तिच्याशी ताडून बघा. घाबरायचं कारण नाही. कधी यादीबाहेरचा एखादा कागदही मागतात, तेवढी तयारी ठेवा.

शहर निवडताना माझा कौल ग्रानादा किंवा सालामांकाला. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांची त्या गावाला सवय आहे. माद्रिदमध्ये खोलीच्या भाड्यातच जीव जातो. पोहोचल्यापासून महिनाभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे टीआयईसाठी, अर्ज करायचा असतो, आणि त्याला बहुतेक ठिकाणी पालिकेतली पत्त्याची नोंद मागतात. त्यामुळं खोली ठरवताना ही नोंद करू देणार का, हे घरमालकाला आधी विचारा. नाही म्हणाला तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.