वाचवायला गेलो आणि घालवून बसलो: कुटुंबाच्या सहलीत या चुका टाळा

आमच्या घरात सहलीच्या खर्चाची एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, गोखले रोडवरून आणलेली. तिच्या मागच्या पानावर मी एक वेगळी यादी ठेवते, ‘फुकट गेले’ नावाची. परवा दिवाळीच्या सुट्टीचं ठरवताना ती सलग वाचली तेव्हा लक्षात आलं की त्यात चैनीची म्हणावी अशी एकही नोंद नाही. मुलांचे घोड्यावरचे फेरे नाहीत, आइस्क्रीम नाही, नवऱ्याने दुसऱ्यांदा मागवलेली सुरमई नाही. फुकट गेलेले जवळजवळ सगळे पैसे आम्ही काटकसर करायला गेलो म्हणून गेलेत.

तर ही यादी त्या मागच्या पानावरून. आम्ही ठाण्याचे, पाचपाखाडीतले. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

जूनमधलं अर्ध्या किमतीचं मालवण

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे जूनचा पहिला आठवडा मोकळा असतो आणि किनाऱ्यावरच्या खोल्या अचानक निम्म्या भावात मिळतात. आम्ही खूश होऊन चार दिवस घेतले. मुलांनी स्कूबाचे व्हिडिओ पाहून ठेवले होते, सासूबाईंना सिंधुदुर्ग किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर बघायचं होतं.

मालवणच्या धक्क्यावर गेलो तर होड्या वाळूवर ओढून, वर निळं प्लास्टिक बांधून ठेवलेल्या. एक म्हातारे आजोबा जाळं सोडवत बसले होते. त्यांना विचारलं तर मान वर न करताच म्हणाले, “आता खयची होडी? सप्टेंबरात येवा.” मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याची होडीही बंद आणि पाण्यातले खेळही बंद. किल्ला समोर दिसत होता, अगदी बुरूज मोजता येतील इतका.

मासळीचंही तेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणजे त्या दिवसांत ताटात येणारा मासा एकतर महाग असतो नाहीतर बर्फातला. शेवटी मुलं कंटाळली म्हणून दोन दिवस गाडी भाड्याने घेऊन सावंतवाडी, आंबोली फिरलो. खोलीवर चार हजार वाचवले होते, गाडीला पाच हजार तीनशे दिले.

बिगरहंगामात जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, आम्ही आजही जातो. पण खोलीचा भाव विचारायच्या आधी ‘त्या तारखांना काय काय बंद असतं?’ हे विचारा. पावसात जायचं तर पाऊस हेच जिथलं आकर्षण आहे तिथे जा. माळशेज, भंडारदरा, आंबोली. समुद्रच हवा असेल तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरा. सगळे भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघतात आणि शाळेच्या आधी दोन दिवस घरी यायला बघतात. त्या शेवटच्या दिवसांत रविवार ते गुरुवार असा मुक्काम ठेवला तर भाव करायला जागा असते.

मध्यरात्रीची गाडी आणि चुकलेली तारीख

ही चूक आमची नाही, माझ्या नणंदेची. पण कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

कोकणकन्या एक्सप्रेस सीएसएमटीहून रात्री 11 नंतर सुटते. ठाण्याला येते तेव्हा बारा वाजायचे असतात, पनवेलला पोचते तेव्हा तारीख बदललेली असते. नणंद खारघरची, म्हणजे चढणार पनवेलहून. शनिवारी रात्री निघायचं म्हणून तिने पनवेलहून शनिवारची तारीख टाकून तिकीट काढलं. पाच जणांचं, थ्री एसीचं. शनिवारी रात्री साग्रसंगीत डबे घेऊन मंडळी फलाटावर गेली तेव्हा त्यांची गाडी जाऊन चोवीस तास झाले होते. शनिवारचं तिकीट म्हणजे शुक्रवारची रात्र उलटल्यावरची गाडी. तुतारी एक्सप्रेस तर दादरहूनच बारा वाजून गेल्यावर सुटते, तिथे ठाणेकरांनीही हा हिशेब करायला हवा. बारानंतरच्या गाडीचं तिकीट काढताना मी आता बोटावर मोजून मोठ्याने म्हणते, “जेवायचं शनिवारी, तिकीट रविवारचं.”

दुसरी गोष्ट, चार महिने आधी तिकीट काढायचे दिवस संपले. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, तेही प्रवासाचा दिवस न धरता, सकाळी 8 वाजता. सुट्टीतल्या कोकणच्या गाड्या तिथे काही मिनिटांत भरतात, त्यामुळे “बघू दोन दिवसांनी” म्हणायची सोय नाही. मग तत्काळवर भिस्त ठेवावी लागते. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं 10 वाजता आणि स्लीपरचं 11 वाजता. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला खात्याशी आधार जोडलेलं लागतं. ते जोडणं त्या दिवशी सकाळी पावणेदहाला करायचं काम नव्हे. शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

मुलांच्या तिकिटातली मेख अशी. पाच पूर्ण आणि बाराच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नको म्हटलं तर अर्धं. चेअर कारमध्ये हा पर्याय नसतो. आम्ही एकदा मुलाचा बर्थ वाचवला. रात्रभर तो माझ्या बर्थवर आडवा आणि मी त्याच्या पायाशी बसलेली. सकाळी रत्नागिरीला उतरल्यावर मान वळेना म्हणून एसटीऐवजी थेट गणपतीपुळ्यापर्यंत रिक्षा केली. त्या रिक्षाच्या भाड्यात बर्थ आला असता. दिवसाचा प्रवास असेल तर अर्धं तिकीट जरूर काढा, रात्रीच्या प्रवासात काढू नका.

तीनशे रुपयांनी स्वस्त बस

हे थोडक्यात. खासगी बसचं तिकीट घेताना भाडं बघण्याआधी ‘उतरण्याचं ठिकाण’ बघा. माजिवड्याहून मालवणची म्हणून घेतलेली बस आम्हाला पहाटे साडेचारला हायवेवर कसालला सोडून गोव्याकडे निघून गेली. तिथून मालवण अजून तासभर. अंधारात, सामान आणि दोन झोपाळलेली मुलं घेऊन उभ्या माणसाशी रिक्षावाला घासाघीस कशाला करेल?

शंभर रुपये आणि एक हजार त्र्याण्णव रुपये

खोलीच्या भाड्यावरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून बदलला. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी, त्यावर गेलं की 18 टक्के. आता कागद-पेन घ्या. 7,500 च्या खोलीला 375 रुपये कर, एकूण 7,875. 7,600 च्या खोलीला 1,368 रुपये कर, एकूण 8,968. भाड्यात फरक शंभराचा, बिलात फरक 1,093 रुपयांचा. आणि हा एका रात्रीचा.

एरवी आम्ही एवढ्या महागाच्या खोलीकडे फिरकत नाही, पण दिवाळीत महाबळेश्वरला पाच माणसांची मोठी खोली बघायला गेलो की आकडे याच टप्प्यात येतात. अशा वेळी हॉटेलला थेट फोन करून “साडेसातपर्यंत आणा” म्हणायला काहीच हरकत नाही. शंभर-दोनशे सोडायला मालक पटकन तयार होतो, कारण त्यात गिऱ्हाईक टिकतं. कर रोजच्या भाड्यावर लागतो, त्यामुळे शनिवारी 8,000 आणि रविवारी 6,000 असेल तर फटका फक्त शनिवारला बसतो. शनिवार टाळता आला तर तोच टाळा.

याच पानावर माझी सगळ्यात मोठी नोंद आहे, 11,400 रुपये. दहा टक्के सवलत मिळते म्हणून ‘रद्द केल्यास परतावा नाही’वाला दर घेतला होता. निघायच्या आदल्या रात्री मुलाला 102 ताप. लहान मुलं किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर हा दर तुमच्यासाठी नाही. आता आम्ही तो पर्याय उघडूनही बघत नाही.

विमान स्वस्त, जमीन महाग

गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेलं मोपा. मोपा पार उत्तरेला, पेडण्यात. तिकीट तिथलं स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि राहायचं पार दक्षिणेला पाळोळ्याला असेल तर शंभर किलोमीटरच्या आसपास टॅक्सी लागते. उलट वेंगुर्ला-सावंतवाडीकडे जायचं तर मोपा जवळ पडतं. पणजी किंवा मडगावपर्यंत जाणाऱ्या कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसची वेळ आधी बघून ठेवा.

आता आपल्याकडेही तोच घोळ आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. शोधताना दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात आणि माणूस फक्त रक्कम बघतो. नेरूळ-बेलापूरकरांना नवं विमानतळ दारात, घोडबंदर रोडवाल्याला तसं नाही. आणि जाताना एक, येताना दुसरं असं तिकीट घेऊन गाडी पार्किंगला लावली असेल तर ती आणायला वेगळी टॅक्सी. रक्कम जुळवताना घर ते विमानतळ हे भाडं त्यात धरूनच जुळवा.

सीटचे पैसेही विनाकारण जातात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना सांगितलंय. म्हणून सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. बाकीचे दोन तास वेगळे बसले तर काही बिघडत नाही. (काही घरांत बरंच असतं.)

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत आला. 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलसाठी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू यांवर तो चालत नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. महिन्याला नाशिकला जाणाऱ्याला तो परवडतो. वर्षातून दोनदा महाबळेश्वरला जाणाऱ्या माझ्या नवऱ्याला परवडत नाही, हे त्याने पास घेतल्यानंतर कळलं.

आणि बंदचे वार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून सोमवारी अजिंठ्याला पोचलेली माणसं आम्हीच. एक मुक्काम वाढला.

घोळ झालाच तर

रेल्वेगाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जायचंच रद्द केलं तर पूर्ण पैसे मिळतात, पण टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरावा लागतो. बहुतेक लोक घरी येऊन, चहा घेऊन, मग भरायला बसतात. तिकीट मुंबईहून काढलं आणि ठाण्याला चढायचं असेल तर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून ठेवा, नाहीतर जागा दुसऱ्याला मिळू शकते. हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो ऐच्छिक असतो. शांतपणे काढायला सांगा, आणि नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

रिसॉर्टच्या नावाने खोटी वेबसाइट करून आगाऊ रक्कम उकळणारे सुट्टीच्या तोंडावर वाढतात. रक्कम रिसॉर्टच्या नावाऐवजी कुणा माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागितली की थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाभरात खाती गोठवता यायची शक्यता जास्त.

पाच माणसं, अडीच तिकिटं

यंदा महाबळेश्वरला गाडी काढायची नाही असं ठरलंय. ठाण्याहून पुण्यापर्यंत शिवनेरी, स्वारगेटहून पुढे लालपरी. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे मी अर्धी, मुलगी अर्धी. मुलगा बाराच्या आतला म्हणून अर्धा. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, फक्त ओळखपत्र हाताशी लागतं. पूर्ण पैसे मोजणार एकटा नवरा. आरक्षणाचे थोडे पैसे वेगळे.

मी हा हिशेब वहीत लिहीत होते तेव्हा सासूबाई शेजारी वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून एसटीची जुनी घडी घातलेली तिकिटं काढून दाखवली, कंडक्टर देतो ती शून्य रुपयांची. सात होती. “तुझ्या वहीत ही चिकटव,” म्हणाल्या, “पण मागच्या पानावर नको.”