स्टीअरिंग रॅक: आधी खात्री, मग पाना

मी पहिल्यांदा रॅक, म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं आडवं करून पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारी दातांची दांडी आणि तिची नळी, बदलला तेव्हा तो बदलायची गरजच नव्हती. खराब रस्त्यावर पुढून टकटक यायची आणि स्टीअरिंग बोटभर मोकळं फिरायचं. दोन दिवस गाडीखाली पाठ घासून नवा रॅक चढवला, तर पहिल्याच खड्ड्यात तीच टकटक! दोष निघाला स्टीअरिंगची दांडी पिनियनला (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातांच्या चाकाला) जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये. एका बोल्टचं काम. तेव्हापासून मी पान्याला हात लावायच्या आधी भरपूर वेळ नुसतं बघण्यात घालवतो.

बघायचं असं. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावलेली. एकाला आत बसवून स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सतत हलवायला सांगा. स्टीअरिंग हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असेल तर इंजिन चालू ठेवा, मात्र पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात लांब. आता दांडीपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोटं ठेवत जा. दांडी फिरते पण पिनियनचा शाफ्ट उशिरा फिरतो, तर दोष जॉइंटचा. रॅकची अख्खी नळीच आडवी सरकते, तर तिचे बुश (तिला धरणारे रबर) गेलेत. रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, चिमटीत धरल्यावर आत कट्‌ लागतं, तर आतला टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडचा सांधा). हे तिन्ही बहुतेक गाड्यांत सुटे बदलता येतात.

मग पुढचं चाक उचला. चाकाला घड्याळ समजून 3 आणि 9 वर हात ठेवून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. 12 आणि 6 वर लागला तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, रॅकचा काही संबंध नाही.

मग रॅक खरंच कधी जातो? बुटाची क्लिप सैल करा. आतून तेल गळलं तर रॅकचं सील फुटलंय. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, कारण तेल बुटातच साठतं. दुसरं लक्षण: सकाळी स्टीअरिंग जड आणि गाडी तापली की हलकं. तेलाची पातळी, पट्टा आणि पंप ठीक असूनही असं होत असेल, तर पिनियनजवळच्या व्हॉल्व्हचं घर झिजलंय. तिसरं, फाटक्या बुटातून पाणी शिरून गंजलेले दात. रॅकवरचा समायोजनाचा स्क्रू आवळून खेळ घालवायचा मोह होतो. जास्त आवळलात तर वळणानंतर स्टीअरिंग परत सरळ येत नाही. मी आवळला होता, म्हणून सांगतो.

बदलायचं ठरलं की चाकं सरळ करा, बॅटरी सोडवा आणि सीटबेल्टने स्टीअरिंग बांधून टाका. ही पायरी कुणीही गाळू नये. स्टीअरिंगमागे एअरबॅगची पट्टीसारखी वायर गुंडाळलेली असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. दांडी सुटल्यावर स्टीअरिंग गरगर फिरलं की ती तुटते.

गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकखाली शिरू नका. टाय रॉडवर चेकनट कुठे आहे तिथे खूण करा, आटे मोजून लिहून ठेवा. स्प्लिट पिन काढा, नट सोडा, पुलरने (सांधा ओढून काढायच्या हत्याराने) चाकाकडचा टाय रॉड एंड सुटा करा. पिनियनच्या जोडावरही खूण करा आणि तिथला बोल्ट पूर्ण बाहेर काढा. तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो, नुसता सैल करून जोड निघत नाही. खाली भांडं ठेवून तेलाच्या नळ्या सोडा, मग रॅकचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (पुढची खालची चौकट) थोडी खाली घेतल्याशिवाय रॅक बाहेर येत नाही. त्याआधी तिला खालून आधार द्या.

नवा रॅक जुन्याशेजारी ठेवून लांबी, नळ्यांची तोंडं आणि शाफ्टवरचे उभे दाते ताडून बघा. मग नवा रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. हा मध्य चुकला तर गाडी एका बाजूला कमी वळते. नळ्यांना नवे सील घाला, त्यांचे नट आधी हातानेच चढवा. बाकी बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे (आवळायच्या जोराप्रमाणे). स्प्लिट पिन नवीच. भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही.

जुनं तेल परत ओतू नका, त्यात झिजलेल्या धातूचा कीस असतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा. पुढची चाकं अधांतरी आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत 15–20 वेळा सावकाश फिरवा, पातळी बघत राहा. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवा. टोकाला धरून ठेवू नका. तेलावर फेस आला तर अजून हवा आहे, थोडं थांबा.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगला तेल नसतं, पण अनेक गाड्यांत सेन्सरचं कॅलिब्रेशन करावं लागतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिक दोन्हींत हवीच. मोजलेले आटे फक्त अलाइनमेंट करणाऱ्यापर्यंत गाडी न्यायच्या कामाचे.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी तो कोरडा दिसेपर्यंत जुना रॅक टाकू नका. एखादी क्लिप त्याच्यावरच राहिल्याचं हमखास तेव्हाच लक्षात येतं.