लिंकची अदलाबदल: हो म्हणण्याआधी

'तुमचा लेख फार आवडला. आम्ही तुमची लिंक देतो, तुम्ही आमची द्या.' असा मेल आला की मी आधी एकच बघतो, कुठला लेख आवडला ते लिहिलंय का. बहुतेकदा नसतंच. मग उत्तर देत बसत नाही.

सायकल दुरुस्तीवर माझी साइट आहे. सुरुवातीला मी अशा प्रत्येकाला हो म्हणायचो. 'आमचे मित्र' असं पानच केलं होतं, त्यावर चाळीसेक लिंका. कर्ज देणारे, केसांचं तेल विकणारे, सगळे माझे मित्र. सायकलवाला एकही नव्हता.

हे का चालत नाही? १९९८ साली गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक मांडला, म्हणजे शोधात कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवायला पानांचं वजन मोजण्याची पद्धत. त्यात लिंक म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेलं मत होतं. ज्याला वजनदार पानांची मतं, त्याच्या मतालाही वजन. पण 'तू मला दे, मी तुला देतो' म्हणून दिलेल्या मतातून पान चांगलं की वाईट ते कळत नाही. म्हणून गूगलच्या नियमांत अति प्रमाणातली अदलाबदल आणि फक्त त्यासाठी बनवलेली पानं स्पॅममध्ये मोडतात. 'अति' हा शब्द नीट वाचा. एकाच विषयावरच्या दोन साइटनी एकमेकांचा उल्लेख केला तर त्यात वावगं काही नाही.

एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा गूगलच्या अल्गोरिदममधला बदल आला आणि असल्या लिंकांवर वर चढलेल्या साइट खाली घसरल्या. सप्टेंबर २०१६ पासून तो मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे आणि बनावट लिंकांची शिक्षा करण्याऐवजी त्या धरतच नाही. म्हणजे बऱ्याचदा नुकसान होत नाही, नुसती मेहनत फुकट जाते.

तरीही एखादा मेल बरा वाटला, तर तुमची लिंक ज्या पानावर बसणार ते पान उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. चेनला तेल कसं घालावं हे सांगता सांगता लेख मध्येच कर्जाकडे वळला, तर बंद करा. मग गूगलमध्ये site: असं लिहून त्याला लागूनच त्यांचा पत्ता टाका, म्हणजे फक्त त्या साइटची पानं दिसतात. जुनी साइट असून एकही पान दिसत नसेल, तर काहीतरी बिनसलंय. हे दोन्ही जमलं की खरा प्रश्न: बदल्यात काहीच मिळणार नसतं, तरी मी माझ्या वाचकाला तिथे पाठवलं असतं का? एकाच्या साइटवर कुठली चेन कुठल्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) चालते याचा तक्ता होता. त्याची लिंक मी न विचारता दिली. काही महिन्यांनी त्याने चेनची झीज मोजण्याचं माझं पान जोडलं. आमची मेलामेली झालीच नाही.

लिंकचे शब्द समोरच्याला ठरवू देऊ नका. 'स्वस्त सायकल ऑनलाइन' असं ठोकून बसवलेलं लगेच दिसतं. पैसे घेतले असतील तर लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो ही खूण लावा, म्हणजे हे मत नाही असं गूगलला कळतं, विषय संपला. आणि 'तुम्ही अ ला द्या, ब तुम्हाला देईल' ही तिरकी अदलाबदल सुचवणाऱ्याला सरळ नाही म्हणा. व्यवहार लपवावा लागतोय, यातच सगळं आलं.

जुना पसारा असेल तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात मॅन्युअल कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेल्या शिक्षेची, नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर लिंका नाकारायचं डिसअव्हाव हत्यार उगाच उपसू नका, चुकून चांगल्या लिंकाही कापल्या जातात. आपल्या बाजूचं पान मात्र काढून टाका.

मी 'आमचे मित्र' उडवलं, तेव्हा चाळीसपैकी एकाचाही मेल आला नाही. तेलवाल्याचाही नाही.